सुलू, तुझी पुस्तकं कुणी नेली?

सुलू, तुझी पुस्तकं गेली.

तू गेलीस त्याला इलाज नव्हता. साखर, रक्तदाब आणि तुझा हट्ट, तिघांनी मिळून ते काम केलं. पण पुस्तकांना काय धाड भरली होती? ती धडधाकट होती. तुझं सुतक फिटलं, मी तुझं वाचायचं यंत्र उघडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून ती नाहीशी झाली. आपल्याकडे माणूस गेलं की चार माणसं रडायला येतात, चहासाखर घेऊन येतात. मेलेल्याच्या घरात शिरून पुस्तकं उचलून नेणारा मी या वयात पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणजे काय, तो दिसलाही नाही.

वाचनालयाची मंडळी परवा सांगून गेली, सुलोचनाबाईंवर चार ओळी द्या, अंकात घालतो. तुझा जन्म, शिक्षण, डिचोलीची नोकरी, पश्चात कोण कोण, ते सगळं नितीनने पेपरात फोटोसकट छापलं आहे. त्या फोटोत तू हसतेस. तुझ्या लेकाने तो कुठून शोधला देव जाणे. मी तुझी भावजय, चौथीपर्यंत शिकलेली. लोकांना उद्देशून लिहायला मला जमत नाही. जे बोलायचं ते तुलाच बोलते, लोकांनी वाटल्यास ऐकावं.

नवरा वारला, मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट करून निघून गेला, आणि तू डिचोलीचं बिऱ्हाड मोडून हळर्णाला माहेरी आलीस. बरोबर कपड्यांची एक बॅग आणि पुस्तकांच्या पेट्या. तुझा भाऊ म्हणाला, सुलू आली की वाचनालय आलं? तोवर तुझे डोळे अर्धे गेले होते. डॉक्टरने सांगितलं, कडेचं दिसेल, मधलं जाईल. म्हणजे दारात कोण आलं ते कळणार, पण त्याचं नाकतोंड दिसणार नाही. तू घरी येऊन म्हणालीस, "नाकतोंड नाका गो माका. अक्षर जाय." तुला अक्षर तेवढं हवं होतं.

मी म्हटलं, त्यात काय, मी वाचून दाखवते. दुपारची भांडी झाली की सोप्यावर बसू. पहिल्याच दिवशी मी एक पान वाचलं आणि तू हात वर केलास.

"वयनी, तू वाचता काय दळता?"

माझं वाचन तसंच आहे, एका दमात, दाणे पडतील तसं. पण तुला तेही कारण नव्हतं. खरं कारण तू संध्याकाळी दिवा लावताना सांगितलंस. "दुसऱ्यान चाबून दिल्लो घास माका नाका." म्हातारपणी माणूस दुसऱ्याच्या हाताने जेवतं, आंघोळ करतं, त्याची तुला लाज नव्हती. वाचायचं मात्र स्वतःच. मला राग आला होता तेव्हा. आज म्हणते, तुझंच बरोबर होतं. एवढी एक गोष्ट तुझी बरोबर होती, बाकी मी मान्य केलेलं नाही.

मग नितीनने यंत्रं पाठवायला सुरुवात केली. आई एकटी पडली म्हणून मुलगे येत नाहीत, यंत्रं पाठवतात. पुष्कळ घरांत आता कुणा ना कुणासाठी असलं काही मागवतात, म्हणून कुठलं यंत्र रोजच्या वापराला कसं, ते इथे लिहून ठेवते. दुकानदार सांगत नाही ते.

पहिलं आलं ते राखी रंगाचं, शाळेतल्या पाटीएवढं आणि पाटीहून हलकं. ते चमकत नाही. जनेलाशी, खिडकीतल्या उन्हात बसलं तरी अक्षर स्वच्छ दिसतं. वीज गेली तरी चालतं, आणि आपल्याकडे वीज रोज जाते. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. इथवर उत्तम. पण पान उलटायला काचेवर बोट टेकवावं लागतं, आणि त्याला आपलं बोट कळेना. तू टेकवलंस, मी टेकवलं, ढिम्म. नितीन फोनवर म्हणतो, "मामी, हलकेच टच करा." हलकेच कसलं! उभा जन्म नारळ खवून, भांडी घासून, सोलं काढून बोटांची कातडी गुळगुळीत झालेली. रेशनच्या दुकानातही आपला अंगठा उमटत नाही. हे यंत्र करणाऱ्याने घरात काम करणाऱ्या बाईचं बोट कधी पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर काच केली नसती.

दुसरा आला टॅब. रंगीत, झगझगीत. त्याच्याकडे पाहून तुझ्या डोळ्यांतून पाणी. वजन इतकं की आडवं पडून वाचताना हातातून सुटून नाकावर आपटला. वाचता वाचता मध्येच गाणं लागायचं, कुणी साड्या विकायला यायचं. तुझ्या भावाला मात्र तो पसंत पडला. त्याने त्यावर दशावतार लावला आणि टॅब पुन्हा आपल्या हाती आला नाही. अजून त्याच्याकडेच आहे. राक्षस ओरडला की मांजर उठून जातं.

मोबाइलवर वाचणारीही एक बाई मिळाली. पुस्तक दाखवलं की ती मोठ्याने वाचते. मराठी ती बरी वाचायची, शहरातल्या मुलीसारखी, जरा नाकात. मग तू तिच्यासमोर कोंकणी पान ठेवलंस. सुलू, तुझा चेहरा मला अजून आठवतो. दिल्लीहून आलेल्या पाहुण्या बाईने म्हापशाच्या मासळीबाजारात बांगड्यांचा भाव करावा तशी ती तुझी भाषा बोलली. मी हसले. मला वाटलं तूही हसशील. तू मोबाइल बंद केलास आणि तांदूळ निवडायला बसलीस. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेवटी आलं ते बटणाचं. दिसायला पहिल्यासारखंच, पण कडेला दोन बटणं, एक पुढे जायला, एक मागे. बटण दाबायला नजर लागत नाही, कोवळं बोटही लागत नाही. हात ओला असो, तेलकट असो, चालतं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी डोळे मिटून बटणाचं घ्यावं. सुरुवातीला त्यात मराठी मोडकी दिसायची, काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, लग्नात हरवलेल्या पोरांसारखी. पेडण्याच्या बाजारात झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान चालवणारा बाबलो आहे, त्याने वायर लावून ते सरळ करून दिलं. तू अक्षर एवढं मोठं केलंस की एका पानावर तीन-चार शब्द मावायचे. डोळ्यांच्या कडेने तू ते टिपायचीस, मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशी. वाचलं की बटण. पुन्हा वाचलं की बटण. सोप्यावर दिवसभर तो आवाज. मी त्याला कंटाळले होते, हे तुला सांगितलंही होतं.

नितीनने त्याच्या खात्यावरून तुला मराठी पुस्तकं घेऊन दिली, पोथीसुद्धा घातली. तू ती भराभर संपवत होतीस. आणि एक दिवस म्हणालीस, आता कोंकणी जाय.

इथून आपलं जुनं भांडण नव्याने सुरू झालं.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. गोव्याला राज्य मिळायच्या आधीची ती वर्षं. राजभाषा कुठली, यावरून रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, बसगाड्या बंद होत होत्या, भिंती रंगत होत्या. आमच्या एका घरात दोन पक्ष. तू तेव्हा लग्नाची राहिलेली, मॅट्रिक झालेली, पणजीला कोंकणीच्या सभेला जायचीस. मी वाडीतल्या बायका घेऊन पेडण्याला मराठीच्या मोर्चाला. दोघीही घसा बसवून परत यायच्या आणि एकाच चुलीवर हुमण करायच्या. तू वाटण वाटायचीस, मी मासळी साफ करायचे, आणि तोंडं चालूच.

"कोंकणी ही भासूच न्हय, बोली ती," मी म्हणायचे.

तू वाटण थांबवायचीस. "वयनी, तू मराठीची बाजू कोंकणीत मांडता. आनीक माका कितें म्हणपाचें ना."

"आनी तू आरती खंयच्या भाशेत म्हणता गो?"

"देवाक सगळ्यो भाशा कळटात. तुज्यासारको चवथी पास न्हय तो."

तुझा भाऊ ओरडायचा, राजभाषा मागीर ठरवा, आधी जेवण वाढा.

तू कधी समजून घेतलं नाहीस की मी मराठीला का चिकटून होते. मुक्तीनंतर गावात शाळा आली ती मराठी. माझ्या आईला सही येत नव्हती. मला त्या शाळेने अक्षर दिलं, आणि चौथीनंतर घरच्यांनी काजूच्या बागेत धाडलं तेव्हाही ते अक्षर माझ्याकडून कुणाला काढून घेता आलं नाही. जिने एवढं दिलं ती मराठी माझी, तिला मी परकी मानायचं? हे तुला मोर्चाच्या दिवसांत सांगता आलं नाही, कारण तू वाक्य पुरं होऊ देत नव्हतीस. आता देशील असं वाटतं.

तर तुला कोंकणी हवी. नितीनने यंत्रातल्या दुकानात शोधलं. तुला हवं होतं ते पुस्तक नव्हतंच. ते नाव मी इथे देत नाही. कुठे मिळत नाही, उगीच शोधत बसाल. पेडण्यातल्याच मिठागरावर काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट. मोर्चांच्या त्याच वर्षांत छापलेली, पिवळी पडलेली, छापणारा वारलेला. तू तरुणपणी वाचलेली आणि पेटीच्या तळाशी जपलेली. तुझ्या हातात ते कागदी पुस्तक होतं आणि तुला त्यातली ओळ दिसत नव्हती. बाबलोने पानांचे फोटो काढून यंत्रात घातले. फोटोतलं अक्षर मोठं होईना. केलं की अर्धी ओळ बाहेर जायची.

तू पुस्तक पेटीत ठेवायला निघालीस. मी म्हटलं, आण इकडे.

मोबाइलवर एका बोटाने टाइप करायला मी नातेवाइकांना शुभेच्छा पाठवून पाठवून शिकले होते. जेवणं झाली की पुस्तक मांडीवर उघडं धरून बसायचे. जमेल तेवढं टाइप करायचं, गुरुवारी बाबलोकडे जायचं, त्याने ते वायरीने यंत्रात भरायचं. आणि तो मोबाइल! मी एक लिहायचे, तो दुसरं करायचा. कोंकणी शब्द पुरा होतो न होतो तोच तो खोडून आपला मराठी शब्द बसवायचा, न विचारता, जसं काही मीच चुकले. मी परत खोडायचे. तो परत बसवायचा.

सुलू, ज्या मराठीसाठी मी उन्हातून चालले, तीच तो मोबाइल लादत होता, आणि मी संतापून ती खोडत होते. तुझ्याशी भांडायचा हक्क माझा. मी तुझ्या घरातली, तुझ्या चुलीवरची. तू माझ्या बाळंतपणात माझी पोरं सांभाळलीस, मी तुझ्या नवऱ्याच्या आजारपणात डिचोलीला महिनाभर राहिले. त्या बळावर मी तुला म्हणणार, तुझी भाषा बोली आहे. या डबीने कुठल्या बळावर म्हणावं? हिने कुणाची पोरं सांभाळली?

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वाडीभर केलं असतंस.

तू वाचायला लागलीस आणि वर चुकाही काढायला लागलीस. "वयनी, हांगा तुवें मराठी घातलां." मी म्हणायचे, मी नव्हे, मोबाइलने. "व्हय, व्हय. मोबायल मोर्चाक गेल्लो." कधी एक पान वाचून तू ते तोंडातल्या तोंडात परत म्हणायचीस, चव घेतल्यासारखं. मिठागरावरची ती बाई नवऱ्यामागे एकटी बांध राखते. भावकी त्रास देते, सावकार त्रास देतो, भरतीला खाडीचं पाणी बांध फोडायला येतं, ती रात्रंदिवस चिखल थापते. टाइप करता करता मी तिच्यात अडकले. पुढे वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकेक ओळ टाइप होईल तशीच कळेल. तुला विचारायचे, शेवटी बांध राहतो ना गो? तू म्हणायचीस, "सांगचें ना. टायप कर, कळटलें." तोंडावर ते हसू. बघ, त्या पेपरातल्या फोटोतलं.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्या आठवड्यात चतुर्थीची साफसफाई निघाली, मी म्हटलं, दोन दिवसांनी बसते. तू म्हणालीस, घाई ना. आणि सकाळी चहाला उठली नाहीस. पाव विकणारा पोदेर दारात भोंगा वाजवून थांबला, तुझा उंडा पाव मी घेतला नाही.

नितीन विमानाने आला, सगळं रीतीने केलं. त्या दिवसांत यंत्र तुझ्या खाटेवर पडलं होतं. तुझा भाऊ म्हणाला, "तातूंत पोथी आसा. सुतकांत कोणेंच हात लावचो न्हय." आता पोथी यंत्रात असली तर यंत्राला सुतक लागतं का, हे आमच्या भटजींनाही माहीत नव्हतं. त्यांनी विचार करून सांगितलं, जपलेलं बरं. मग नितीनने, त्याने हात लावायचा नाही म्हणून, काठीने चादर ओढून ते झाकलं. लंडनात राहणारा मुलगा! तुला हे बघायला मिळायला हवं होतं. सुतक फिटलं, भटजींनी यंत्रावरही तीर्थ शिंपडलं, मी ते पुसून चार्जिंगला लावलं. नितीन तोवर परत गेला होता.

मी उघडलं. तुझी सगळी पुस्तकं ओळीने दिसली. मग यंत्राने कसलंसं चाक फिरवलं आणि एक पुस्तक गेलं. दुसरं गेलं. मी दोन्ही बटणं दाबली, वरचं दाबलं, यंत्र उलटं केलं. पोथीही गेली.

नितीनला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, आई गेली, म्हणून मी ते खातं बंद केलं."

"खातं बंद केलं तर पुस्तकं कशी जातात? घेतली होतीस ना?"

"घेतलेली नसतात ती. वाचायची परवानगी असते. खातं असेतो."

"म्हणजे तुझ्या आईकडे एकही पुस्तक नव्हतं?"

तो म्हणाला, "तसंच म्हणायचं, मामी." त्याला मी पुढे बोलले नाही. पोरका पोरगा तो. तो म्हणाला, मी परत घेऊन देतो. मी म्हटलं, नको. परवानगी घेऊन वाचायला मी कुणाच्या शेतावर कूळ नाही.

बाबलो म्हणाला, नेट बंद ठेवून उघडलं असतं तर राहिली असती. सुतकात कोण सांगणार होतं मला हे? वाचणाऱ्यांनो, तुम्ही लक्षात ठेवा. यंत्र बटणाचं घ्या, वाचा, पण जे पुस्तक जिवाला लागलं आहे ते कागदाचंही घरात ठेवा. कागदाला कसर लागते. कसर निदान दिसते, आणि सगळं एका सकाळी खात नाही.

मग बाबलोने यंत्र परत माझ्यापुढे धरलं. "आजये, हें एक उरलां मगो."

एक राहिलं होतं. मी टाइप केलेलं. ते दुकानातून आलं नव्हतं, वायरीने घातलेलं, म्हणून दुकानाला नेता आलं नाही. ढीगभर मराठी पुस्तकं गेली आणि राहिली ती तेवढी तुझी कोंकणी, तीही माझ्या बोटाने लिहिलेली. मी बाबलोला म्हटलं, हसू नको. तो हसत नव्हता.

घरी आले आणि शेवटचं प्रकरण टाइप करायला घेतलं. तुझ्यासाठी नव्हे. अर्धं काम टाकायची मला सवय नाही. मोबाइल अजून तसाच आगाऊ आहे, तो बसवतो, मी खोडते. काल संपलं. गुरुवारी बाबलो ते यंत्रात घालील. वाचनालयाच्या मंडळींनाही दिलं आहे. कुणाचे डोळे गेले असतील तर त्यांनी न्यावं, परवानगी लागत नाही.

आणि आता ऐक. एवढी वर्षं बांध राखलेली ती बाई शेवटी स्वतःच्या हाताने मानशीची, बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वर उचलते आणि खाडी आत घेते. भावकीला नाही, सावकाराला नाही, पाण्याला देऊन टाकते आणि काठावर बसून बघत राहते. हा काय शेवट झाला? जन्मभर चिखल थापला तो कशासाठी? मी असते तर फळी उचलली नसती. तुला हे पटत होतं, सुलू? तरुणपणी वाचलंस, डोळे गेल्यावर परत मागितलंस, आणि मी विचारलं तेव्हा हसत राहिलीस?

मला मुळीच पटलेलं नाही. सकाळपासून मी सोप्यावर बसून आहे आणि माझ्याकडे तुझ्याविरुद्ध इतके मुद्दे आहेत की संध्याकाळपर्यंत पुरतील. ते मी सांगू कुणाला?